मागच्या दाराने नेलेली राख

बळी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर नेहमी दुसऱ्याचीच मान का येते?

माझ्याही यायची. बळीप्रथेविरुद्धची पत्रकं पिशवीत भरूनच मी बल्लारपूरहून राजुऱ्याला आणि तिथून जंगलातल्या एका गावी निघाले. वाटेत एसटी पंक्चर झाली; तासभर सागाखाली बसले. मुक्काम रूथबाईंकडे होता. निवृत्त अंगणवाडी सेविका, गावातलं एकुलतं ख्रिस्ती घर. अंबाडीची भाजी वाढताना त्या म्हणाल्या, रोज सकाळी त्या बायबलातला होमार्पणाचा भाग वाचतात.

"म्हणजे जनावर जाळायचे नियम?" मी तडकले.

"येशूनं सोताचाच बळी देला, तवाच बाहेरचं जनावर संपलं, पोरी. आता माह्या आतला कोण्ता बैल वेदीवर द्याचा, ते रोज पाहाले लागते."

सकाळी त्यांनी वाचलं : याजकाने आधी वेदीवरची राख काढायची, कपडे बदलायचे, मग ती छावणीबाहेर न्यायची. रूथबाई हे रोज करतात. चुलीतली राख घमेल्यात भरली, लुगडं बदललं. "कालचं पुण्यबी राखच. ते धरून बसलं तर आजचा इस्तू (विस्तव) पेटत नाई."

राख गावाबाहेर टाकायला त्या निघाल्या, तशी मीही निघाले. समोर सरळ रस्ता असताना त्या सांदवाडीतून (घरामागच्या अंगणातून) काट्यांत शिरल्या.

"इकडून काऊन?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

त्या थांबल्या आणि सांगू लागल्या. समोरच्या रस्त्यावर थोरल्या जावेचं, शांताबाईंचं घर होतं. शांताबाईंचे यजमान गेले, त्या दिवशी रूथबाई चारचौघांत म्हणाल्या होत्या, प्रार्थनेला आले असते तर वाचले असते. तेव्हापासून बोलणं बंद.

"दोन वर्सं वाचून राह्यली," त्या पुटपुटल्या, "अन् बैल मागच्या दारानं नेऊन राह्यली." आणि समोरच्या रस्त्याकडे वळल्या.

शांताबाई अंगण झाडत होत्या. "काऊन वो, रस्ता चुकली का?"

"त्या दिवशी चुकली होती, बाई. तुमचं दुःख सोडून मी माह्या देवाचा मोठेपणा सांगत बसली. माफ करा."

झाडू थांबला. "राखेसाठी रोज लुगडं बदलते, अन् एवढं सांगाले दोन वर्सं?" मग त्यांनी घमेल्याकडे बोट केलं. "ठेव ते इथी. भांडे घासाले राख नाई. माफीचं मी पाहीन. घमेलं न्याले उद्या ये."

रूथबाई रिकाम्या हातांनी परतल्या.

परतीच्या गाडीत मी माझी पत्रकं पुन्हा वाचली. एकही वाक्य मागे घेत नाही. मुक्या जनावरांच्या माना कापणं थांबलंच पाहिजे. पण त्या सगळ्या पानांत चुकलेलं माणूस प्रत्येक वेळी दुसरंच होतं.

म्हणून विनंती. उद्या सकाळी पूजेआधी, नमाजाआधी, प्रार्थनेआधी, आणि माझ्यासारखं यातलं काही करत नसाल तर चहाआधी, देवाच्या किंवा तत्त्वाच्या नावाने ज्याला दुखावलंत त्याच्या दारी जा. चूक सांगा. मग तो जे बोलेल ते, मध्ये एक शब्दही न बोलता, ऐकून घ्या.