पेवात आधी कंदील उतरायचा

माझे आजोबा, म्हणजे तात्या, बंद खोलीत एकदम कधी शिरत नसत. दार उघडायचे, उंबऱ्याबाहेर थोडा वेळ उभे राहायचे, मगच पाय आत. आत्याच्या लग्नात व्याह्यांनी खास दिलेल्या खोलीपुढे ते असेच उभे राहिले, तेव्हा व्याह्यांना वाटले, स्वारी मानपानावरून रुसली. शाल-नारळ घेऊन माणसे धावली. तात्या शांतपणे म्हणाले, "रुसलो न्हाई. खोलीला जरा वारा खाऊ द्या."

या सवयीचे मूळ जमिनीखाली होते. सांगलीला लागून नदीकाठी आमचे गाव. तिथे हळद पेवात साठवत. पेव म्हणजे जमिनीत दोन-तीन पुरुष खोल खणलेली खोली. तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढे, पोट मात्र ऐसपैस. तोंडावर फरशी ठेवून माती लिंपली की हळदीला वर्षानुवर्षे कीड लागत नाही, कारण आतली हवा किडीला जगू देत नाही. माणसालाही देत नाही. म्हणून पेव फोडले की बराच वेळ उघडे ठेवायचे आणि दोराला बांधून पेटता कंदील खाली सोडायचा. तो विझला तर कुणी उतरायचे नाही. हे ठरवायचे काम तात्यांचे. "कंदिलाला बायकापोरं न्हाईत," ते म्हणत, "त्यो आधी जाऊ दे."

मी चार वर्षांची असताना ते गेले. मला आठवतात ती फक्त त्यांची पिवळी नखे. बाकीचे तात्या मला घरच्यांनी सांगितले, आणि गोष्ट सांगताना आमच्या घरात कुणी हात आखडता घेत नाही. हळदीचे व्यापारी अण्णा एकदा घाई करू लागले, तर तात्यांनी त्यांनाच सुनावले होते, "ट्रक हुबा ऱ्हाऊ दे अण्णा, मानूस आडवा नगं." ट्रक दिवसभर उभा राहिला.

पण सगळ्यांची लाडकी गोष्ट म्हादूची. बाबा सांगतात तो म्हादू म्हणजे नुकते लग्न झालेला, अंगात मस्ती असलेला गडी. कुणाला न विचारता पेवात उतरला आणि तळाशी कोसळला. त्याचा थोरला भाऊ मागोमाग उडी टाकायला निघाला. तात्यांनी त्याला कव घालून खाली पाडले आणि दोघा गड्यांना त्याच्या अंगावर बसवले, कारण पेवात एकामागून दुसरा असाच जातो हे त्यांना ठाऊक होते. मग स्वतःच्या कमरेला दोर बांधला. "मी नगं नगं केलं तरी वढा," एवढे बजावले आणि कृष्णेत बुडी मारावी तसे छाती भरून श्वास घेऊन खाली गेले. पहिल्या खेपेला म्हादूच्या काखेत दोर बसेना. त्यांना वर ओढले. दुसऱ्या खेपेला दोघे वर आले. कराडची आत्या तीन खेपा सांगते आणि तिसरीला न चुकता रडते. लहानपणी ऐकताना मीही श्वास धरून ठेवायचे. त्या म्हादू नावाच्या मूर्खाचा मला मनापासून राग यायचा.

यंदा उन्हाळ्यात गावी गेले तेव्हा तो मूर्ख भेटला. पेवे आता उरली नाहीत. महापुराचे पाणी शिरले, जमीन खचली, हळद कोल्ड स्टोरेजला गेली. म्हादूकाका घरापुढे खाटेवर बसले होते. कुणाची नात ते कळल्यावर त्यांनी शेजारी जागा करून दिली. मी जरा आगाऊपणानेच विचारले, "काका, न विचारता कशाला उतरलात हो तेव्हा?"

"कोन म्हनलं न विचारता? तुज्या आज्यानंच उतरवलं मला."

मग त्यांनी सांगितले. पेव आदल्याच दिवशी फोडलेले होते. कंदील सोडून झाला होता, निम्मी हळदही बाहेर निघाली होती. संध्याकाळी आभाळ आले म्हणून तोंडावर फरशी ओढली. सकाळी ती काढल्याबरोबर तात्या म्हणाले, "कालचंच पेव हाय. उतर रं म्हादा." साऱ्या हयातीत तेवढी एकदाच कंदिलाला सुट्टी मिळाली होती.

"पण आमच्याकडे तर वेगळंच सांगतात," मी म्हणाले.

"घरची मानसं झाकत्यातच पोरी. त्येंनी सोता न्हाई झाकलं. त्याच सांजंला समदे गडी घिऊन आमच्या दारात आले. माज्या आईम्होरं हुबं ऱ्हाऊन म्हनले, 'तुजं पोरगं माज्या शब्दावर उतरलं. कंदील मी सोडला न्हाई. चूक माजी.' आई म्हनली, 'आवं, तुमीच वर काढलासा न्हवं?' तर म्हनले, 'खाली बी मीच धाडला हुता. ते आदी सांगायचं.'"

श्वास धरून दोनदा मरणात उतरलेल्या आजोबांचा मला जन्मभर अभिमान होता. पण सगळ्या गड्यांसमोर, ज्या शब्दावर आपले पोट आणि नाव चालते तोच शब्द खोटा पडला असे सांगणारे तात्या माझ्या कल्पनेतही मावेनात. मला त्यांचा धाकच वाटला. माझ्या हातून असे घडले असते तर मी काय केले असते, हे मी स्वतःला विचारले आणि उत्तर मला आवडले नाही.

"परत कधी पेवात उतरलात, काका?"

"तर! आठ दिसांत. बायकू आडवी आली, जायाचं न्हाई म्हनली. म्या तिला म्हनलं, आगं, चुकलो म्हनून दारात येनारा मानूस हाय त्यो. त्येच्या शब्दावर न्हाई उतरायचं, तर मग कुनाच्या?"