दातातला दोरा

ताईचं पार्लर म्हणजे दोन खुर्च्या, एक आरसा आणि मागे पडदा. पडद्यामागे तिची धाकटी बहीण टॉवेलांच्या घड्या घालत बसायची, बाहेर यायची नाही. एका मोठ्या नटावर बलात्काराची केस टाकणारी मुलगी तीच, हे गल्लीत फक्त ताईला ठाऊक होतं.

त्या दुपारी नेहमीच्या काकू भुवया करायला आल्या. ताईने दोऱ्याचं टोक दातात धरलं. दोरा दातात असला की तोंड बंद ठेवावंच लागतं, नाहीतर ताई कुणाचं ऐकून घेणारी नव्हे.

"हा कसला न्याय गं?" काकू म्हणाल्या. "त्या नटाचं नाव चव्हाट्यावर आणि हिचं झाकून ठेवायचं. निकालाआधीच बिचाऱ्याची कामं गेली."

ताईने दोरा जरा जोरातच ओढला.

"आई गं, हळू. माझा भाचा शोधतोय तिला. आपल्याच भागातली आहे म्हणे. नाव कळलं की फोटोसकट टाकणार सगळीकडे."

पडद्यामागे काहीतरी पडलं. काकूंनी मान वळवली. "कोण आहे गं आत?"

ताईने काकूंची मान परत खुर्चीला टेकवली. "मांजर," ती दोऱ्यासकट पुटपुटली. "हलू नका, अर्धी भुवई जाईल."

काकूंनी डोळे मिटून घेतले. जाताना मात्र पडद्याकडे बघत म्हणाल्या, "मांजर कधी पाळलंस?"

ताई नुसती हसली आणि त्यांच्या पाठोपाठ तिने शटर ओढलं.

"ताई, त्यांना कळलं का गं?" बहिणीने विचारलं.

ताईला बोलता येईना. दोरा अजून दातातच होता, आणि दात काही केल्या सुटत नव्हते.