तंबूतली मोजणी

रक्त टिपून टाकलेलं गॉज अन् किस्से, दोन्ही सारखेच. मुद्दाम कोणी जमवत नाही, पण बघता बघता बादली भरते! आम्ही चार म्हातारे ब्रह्मपुरीच्या स्टँडवर चहाले बसलो का माझी बादली उलटी होते. मी कवडू. फौजेच्या फिरत्या ऑपरेशन-हॉस्पिटलात हेल्पर होतो. कुरखेड्याच्या पुढं जंगलात जवानांसाठी आमचे तंबू लागत.

*

एकदा सकाळीच घाईघाईत मोहाच्या झाडाखाली तंबू ठोकला. पहाटे पडलेली फुलं आतच राहिली. मेजर साहेब, म्हणजे आमचे सर्जन, जवानाच्या मांडीतली गोळी काढून राह्यले होते, तर एक बाई टोपली घेऊन सरळ आत!

"बाई, इथे ऑपरेशन चालू आहे!" साहेब म्हणाले.

"चालू द्या ना. झाड आमचं हाये, आजसासऱ्यापासून."

अन् टेबलाखाली शिरून वेचायले लागली. "साहेब, जरा पाय उचला!"

साहेबांनी उचलला. शेवटचे दोन टाके एका पायावर!

*

दौलत आमचा स्वयंपाकी. त्याची चहाची गाळणी हरवली. (मीच लपवली होती.) त्यानं ड्रेसिंगच्या पेटीतलं साधं गॉज काढून किटलीच्या तोटीले बांधलं. इन्स्पेक्शनले आलेले मोठे साहेब म्हणाले, "चहा फार साफ आहे!"

दौलतनं कडक सॅल्यूट ठोकला. "साहेब, निर्जंतुक आहे!"

मग गाळणी परत द्यायची हिंमतच झाली नाही.

*

आमच्याकडे नियम होता. पोट उघडायच्या आधी गॉज मोजायचं, शिवायच्या आधी पुन्हा मोजायचं. हे काम शकुंतला सिस्टरचं. एकदा सरावाच्या वेळी मी एक तुकडा खिशात घातला अन् ओरडलो, "एक कमी!" सिस्टर अख्खा तंबू रांगली! शेवटी साहेब म्हणाले, "कवडू, खिसे दाखव."

तेव्हापासून तंबूत सुई हरवो का साबण, हुकूम एकच. "कवडू, खिसे दाखव!"

माझी स्वतःची मोजणी वेगळी. चौथीत शाळा सुटली, तेव्हापासून चार-चारानंच मोजतो. सिस्टर म्हणे, "कवडूभाऊ, गॉज हाये ते, केळी नाई!"

*

अन् मग तो सिरोंचाकडला जवान आला. पोटात लोखंडाचा तुकडा. सिस्टर सकाळपासून चष्मा शोधून राह्यली होती. म्हणाली, "कवडूभाऊ, आज तुम्ही मोजा. मले जवळचं दिसूनच नाई राह्यलं."

मी मोजलं. पाच चोक वीस. तुकडा निघाला. शिवायच्या आधी पुन्हा मोजलं. चार चोक सोळा, वर तीन.

"साहेब, एक कमी."

कोणी मान वर केली नाही. साहेब म्हणाले, "आज नको रे कवडू. याचं बीपी पडतंय."

"साहेब, माय शप्पथ!"

तेवढ्यात दौलत किटली घेऊन पडद्याशी आला. सिस्टर म्हणाली, "तोटीले काय हाये पाहा! यानंच नेलं!" सगळ्यांनी श्वास सोडला. साहेबांनी शिवायची सुई उचलली.

मी किटलीपाशी वाकलो. "साहेब, ऑपरेशनच्या गॉजमंदी निळा धागा असते. यात नाई."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मग मॉनिटरकडं. सुई खाली ठेवली अन् हात पुन्हा पोटात घातला. लिव्हरच्या मागून एक लाल गोळा निघाला. त्यात निळा धागा.

"वीस," मी म्हणालो.

संध्याकाळपर्यंत तो जवान तेलुगूत पाणी मागायले लागला. साहेबांनी बाहेर येऊन दौलतचा थंडा चहा एका घोटात संपवला अन् माझी पाठ थोपटली. सिस्टरनं हात जोडले. "कवडूभाऊ, आज तुम्ही होते म्हणून!"

साहेब हसत म्हणाले, "तरी नियम म्हणजे नियम. कवडू, खिसे दाखव."

मी उजवा उलटा केला. रिकामा.

डावा उलटा केला, तर सिस्टरचा चष्मा खाली पडला!