मायक्रॉनभाऊंचा नापास माल

मायक्रॉनभाऊ कोणतीही वस्तू हातात घेतली की आधी एक डोळा मिटायचे आणि ती उजेडाकडे तिरकी धरायचे. मग ती मशीनवरून आलेली शाफ्ट असो नाहीतर कॅन्टीनचा चहाचा ग्लास. एकदा आमच्या एका सहकाऱ्याच्या लग्नाची पत्रिका त्यांनी अशीच धरली आणि म्हणाले, "छपाई डावीकडं सरकलीय." नवरदेव समोरच उभा होता. चाकणच्या आमच्या कंपनीत ते तपासणी विभागात वीस वर्षं होते आणि केसाच्या जाडीहून कमी फरक त्यांना नुसत्या बोटाला कळायचा. खरं नाव कागदावर होतं, तोंडात हेच.

माणूस लाख होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्यांच्याविषयी जे सांगणार आहे त्यात माझा राग आहे आणि तो अजून गेलेला नाही.

मला फोटोंचा नाद लागला होता. सुट्टीच्या दिवशी भामा आसखेड धरणाच्या पाण्यावर पक्षी येतात, ते मोबाइलमध्ये ठिपक्याएवढे दिसायचे. चांगला कॅमेरा घ्यायचं ठरवलं आणि सल्ला विचारायला गेलो भाऊंकडे. त्यांच्याकडे स्वतःचा कॅमेरा नव्हता. पण बाजारातल्या प्रत्येक कॅमेऱ्याचा सेन्सर केवढा, बॅटरी किती वेळ टिकते, लेन्स कुठल्या कोपऱ्यात मऊ, म्हणजे धूसर, पडते, सगळं तोंडपाठ. "तुम्ही का नाही घेतलात?" असं विचारलं तर म्हणाले, "अजून एक बी पास झाला न्हाई."

मग आमच्या रविवारच्या फेऱ्या सुरू झाल्या. चिंचवडच्या एका दुकानात आम्ही जायचो. भाऊ कॅमेरा हातात घ्यायचे आणि दुकानाच्या पांढऱ्या भिंतीचे फोटो काढायचे. ते मोठे करून चारी कोपरे तपासायचे. दुकानदार एकदा वैतागून म्हणाला, "काका, माणसांचे फोटो काढून बघा की. भिंतीचे फोटो काढायला कोण कॅमेरा घेतं?" भाऊंनी मान हलवली आणि अजून एक भिंत काढली. एकाची पकड बारीक, एकाची बॅटरी लवकर बसते, एकाची लेन्स पुढं मिळणार न्हाई. दर वेळी बाहेर येऊन म्हणायचे, "घाई करू नको भावा. दिवाळीला नवं मॉडेल येतंय." अशा दोन दिवाळ्या गेल्या.

तोवर हात बसावा म्हणून मोबाइलवर सराव कर, असं त्यांनीच सांगितलं. माझ्या घरात सरावाला एकच माणूस रिकामा होता, माझे वडील. पिंपरीच्या कारखान्यात भट्टीवर आयुष्य काढून ते निवृत्त झाले होते आणि गॅलरीत बसून शेजाऱ्यांचे पंखे, मिक्सर दुरुस्त करायचे. मी मोबाइल रोखला की म्हणायचे, "खरा कॅमेरा येऊ दे, मग दाढी करून बसतो."

दर सोमवारी चहाच्या सुट्टीत भाऊ माझे फोटो तपासायचे. आमच्याकडे नियम असा, की नापास झालेला नग त्याच पाळीत लाल पेटीत गेला पाहिजे. चांगल्या मालात तो राहिला की घोटाळा होतो. हाच नियम भाऊंनी माझ्या मोबाइलला लावला. "हललाय. उडव. डोकं कापलंय. उडव." एवढ्यावर थांबायचे नाहीत. उडवलेले फोटो मोबाइल महिनाभर सांभाळून ठेवतो, तो खणही माझ्याकडून रिकामा करून घ्यायचे. मीही त्यांच्याच हाताखाली तयार झालेला तपासनीस. मला त्यात शिस्त दिसायची, अभिमानही वाटायचा.

एका फोटोत वडील हसत होते. कवळी काढून ठेवलेली, डोळे मिटलेले, हातात पंख्याचं पातं. तो मी जरा वेळ धरून ठेवला. भाऊंनीही बराच वेळ पाहिला. "हसणं झ्याक हाय," म्हणाले, "पण फोकस मागच्या पिंपावर गेलाय."

"ठेवू का?"

"शंका आली म्हंजी रिजेक्ट."

मी उडवला.

दुसऱ्या दिवाळीनंतर वडील आजारी पडले. सतरा दिवस दवाखान्यात होते. भाऊ रोज पहिली पाळी संपवून यायचे, घरून आणलेली पेज त्यांना चमच्याने भरवायचे, मला घरी झोपायला पाठवायचे. सख्ख्या भावाने केलं नसतं एवढं त्यांनी केलं. अठराव्या दिवशी वडील गेले.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात लावायला घरात वडिलांचा फोटो नव्हता; मोबाइलमधला एकही पास झाला नव्हता. बहिणीच्या लग्नाच्या फोटोंत ते होते, पण फेटा बांधलेले आणि गर्दीत अर्धे. शेवटी त्यांच्या जुन्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून घेतला. त्यात माझे वडील माझ्यापेक्षा तरुण होते. माझी मुलगी म्हणाली, हे आजोबा नाहीत.

भाऊ आले, फुलं वाहिली. मग हळूच म्हणाले, "त्यो हसतानाचा लावायचा व्हता."

"उडवला ना, भाऊ. तुम्हीच सांगितलंत."

"म्या सांगितलं रं. पर बापाचा एखादा तरी ठिवायचास की."

हे वाक्य मी त्यांना माफ करू शकलो नाही. ते खरं होतं, म्हणूनही असेल.

चार महिन्यांनी मी कॅमेरा घेतला. भाऊ सोबत आले, न बोलवता. दुकानदाराने जो पुढे केला तो मी दहा मिनिटांत पसंत केला. भाऊ भिंतीकडे वळलेही नाहीत. दुकानदार म्हणाला, "एक काढून बघा." समोर भाऊच होते. त्यांनी केसांवरून हात फिरवला, शर्टाची कॉलर नीट केली आणि ताठ उभे राहिले. फोटो थोडा हलला. पडद्यावर पाहून म्हणाले, "असू दे, पयला हाय. ठेव."

"शंका आली म्हणजे रिजेक्ट," मी म्हणालो आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तो उडवला.

"बराबर हाय," ते म्हणाले. पिशवी त्यांनीच उचलली आणि गाडीपर्यंत आणून दिली.

पुढच्या वर्षी लाइनवर तपासणीचं मशीन आलं आणि भाऊ राजगुरुनगरजवळच्या आपल्या गावी गेले. मी भेटायला जाणार होतो. मी आता कुठलाच फोटो उडवत नाही. हललेले, काळे पडलेले, बोट आडवं आलेले, हजारोंनी साठलेत. बायको हसते.

गेल्या महिन्यात त्यांच्या मुलीचा फोन आला. शेतातच छातीत कळ येऊन भाऊ गेले. रडून झाल्यावर ती म्हणाली, "काका, बाबांचा एकटा असा फोटोच नाही आमच्याकडं. कुठलाच त्यांना पसंत पडायचा न्हाई. तुमच्याकडं कॅमेरा हाय, तुमच्याकडं असंल ना एखादा?"

"बघतो," मी म्हणालो. बघण्यासारखं काही नव्हतं. त्या कॅमेऱ्यातून मी आजवर एकच फोटो उडवला आहे.