अजीजचाचांनी एसी वाढवायला सांगितला

रनाळ्याचे अजीजचाचा बॅटरीवाले साधं बोलले तरी भांडल्यासारखं वाटतं, आणि भांडायला लागले की पाना उचलतात. नट अडला तर आधी शिवी, मग हातोडी. "निंघ, हरामी, निंघ!"

सारंगखेड्याच्या भूपेशने घोडेबाजारातल्या पाहुण्यांना भाड्याने द्यायला टेम्पोत पलंग अन् एसी बसवला. बॅटरी चाचांची. "इंजिन बंद ठेव, रातभर एसी चाली. नही चालना ते मन्हा दुकानले आग लाई दिसू!" चाचांनी भर चौकात, सगळ्यांसमोर सांगितलं.

चाचणीच्या पहिल्या रात्री, ऐन मे महिन्यात, भूपेश आणि किराणा दुकान चालवणारी त्याची आई वत्सलाबाई तापीकाठी गाडीतच झोपणार होते. चाचांनी बजावलं, "ताई, झोपाना येळले एसी वाढाई दिजात." म्हणजे अठराचा आकडा सव्वीसवर न्यायचा.

सकाळी भूपेश टेम्पो घेऊन घामाने निथळत चाचांच्या दुकानावर आला, हातात जॅकची दांडी. पहिला दणका कपाटाच्या काचेवर. "मन्ही माय बेशुद्ध पडनी! कथी गई तुन्ही रातभरनी बॅटरी?" दुसरा चाचांच्या खांद्यावर. चाचा पडले, पण पडता पडता भूपेशच्या पोटरीला चावले. खरंच चावले! मग दोघे जुन्या बॅटऱ्यांत लोळले. याचं नाक फुटलं, त्याचा दात हलला. शेवटी भूपेशने काडेपेटी काढून चाचांच्या छातीवर फेकली.

"लाव आते आग! तुन्हाच शब्द शे."

चाचांनी काडेपेटी उचलली. एक काडी बाहेर काढली.

तेवढ्यात डोक्यावर ओला टॉवेल घेऊन वत्सलाबाई गाडीतून उतरल्या. "थांब रे मुडदा! एसी मीच वाढाई दिधा ना. ह्या भाऊनीच सांगं."

"वाढाई दिधा म्हंजे?" भूपेशने विचारलं.

"दुकान वाढाई देतस तसा. बंद कया!"

चाचांनी भूपेशला मानगूट धरून बॅटरीच्या मीटरसमोर उभं केलं. भरलेली! मग दोन थोबाडीत दिल्या. "ही मन्ही. ही बॅटरीनी."

संध्याकाळी भूपेश नारळ घेऊन आला. "चाचा, माफ करा. गाडीले नारळ वाढाई द्या."

चाचांचा एक डोळा सुजून मिटला होता. "वाढाऊ?"

नारळ थेट टेम्पोच्या पुढच्या काचेवर बसला. नारळ वाढला, काचही वाढली.

आत बसलेल्या वत्सलाबाईंनी मांडीवरचे काचेचे तुकडे झटकले. "बरं व्हयनं. आते एसी कसाले? वारा शे!"