उघाडीवरची आवडाबाई

आवडाबाईला मासा आतून कळायचा. नवरा गणू होता तोवर तो मासा पाण्यातून काढायचा आणि ही विळीवर फाडायची. पोट उघडलं की मासा काय खाऊन आला, वरच्या गोड्या पाण्यातून आला की खालच्या खाऱ्या, अंडी टाकायला त्याला किती दिवस राहिले होते, हे तिच्या बोटांना समजायचं. कल्याणच्या बाजारात ती पाटी घेऊन बसली की बायका जिताडा घेताना विचारायच्या, गाभोळीचा, अंड्यांनी भरलेला, कुठला ते तूच सांग. ती न फाडता सांगायची आणि चुकायची नाही.

डोंबिवली तेव्हा भाताच्या खाचरांचं गाव होतं. त्याच्याही खाली, खाडी मुंब्र्याच्या डोंगराकडे वळते तिथं वीसेक घरांचा कोळीवाडा होता. वाड्यापुढं खाडी एकदम अरुंद व्हायची. त्या जागेला सगळे गळा म्हणत. आषाढात पहिला पूर आला की वरच्या खाजणांत, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या पाणथळ जमिनींत, आणि ओढ्यांत वाढलेले मोठे जिताडे पोटात गाभोळी घेऊन त्या गळ्यातून समुद्राकडे उतरायचे. श्रावण-भाद्रपदात त्यांची बोटभर पिलं भरतीबरोबर त्याच वाटेनं वर चढायची. म्हणून पावसाचे पहिले दोन महिने गळ्यात कोणी जाळं लावायचं नाही, असा वाड्याचा नेम होता. तो कोणी लिहून ठेवला नव्हता आणि कोणी मोडलाही नव्हता.

मोडला तो सहदेव पाटलानं. सहदेव वाड्याचा मुख्य, जमातीत, म्हणजे वाड्याच्या पंचायतीत, त्याचा शब्द शेवटचा. आगगाडी झाल्यापासून कल्याणचा मासा ताजा असताना मुंबईला पोचत होता, आणि तिथल्या एका व्यापाऱ्याला गाभोळीचा जिताडा हवा होता, मिळेल तेवढा. सहदेवनं गळ्यात या काठापासून त्या काठापर्यंत एकोणीस खुंट रोवले आणि त्यांना डोली बांधल्या. डोल म्हणजे पिशवीसारखं लांब जाळं. पाण्याच्या ओढीनं मासा तोंडातून शिरतो आणि शेपटाशी अडकतो. सहदेवच्या डोलीचं शेपूट इतकं बारीक विणलेलं की त्यातून जवळासुद्धा सुटला नसता. ओहोटीला गाभोळीच्या आया अडकायच्या, आणि डोलीचं तोंड फिरवलं की भरतीला पिलं.

गणूनं जमातीत एकदा विषय काढला. सहदेव हसला. खाडी काय आटणार आहे, एवढंच म्हणाला. पुढल्या थंडीत गणू तापानं गेला आणि आवडाबाई मुलगी सगुणेला घेऊन एकटी राहिली.

मग पावसानं पाठ फिरवली. एक वर्ष नव्हे, लागोपाठ दोन. देशावरची माणसं घाट उतरून कल्याणात आली, तेव्हा त्यांच्या पोरांच्या बरगड्या मोजता येत होत्या. कोकणात तेवढं वाईट नव्हतं, पण खाडीला पूर म्हणून आला नाही. एरवी श्रावणात ओंजळीनं प्यावं असं पाणी जिथं असायचं तिथं जीभ चरचरायला लागली. चिखलातल्या निवट्या माशांची बिळं वाळून भेगाळली, कोलंबी खाली सरकली, आणि जिताडा तर दिसेनासाच झाला. जे दोन-चार मिळाले ते आवडाबाईनं फाडले. आतली गाभोळी पिकून सुटायच्या ऐवजी पोटातच विरत चालली होती. गोड्या पाण्याचा लोंढा आल्याशिवाय मासा अंडी टाकायला उतरणार नव्हता, हे तिला उमगलं.

ती ते बोललीही. सुक्या मासळीच्या वळणीखाली बायकांत म्हणाली की पावसानं यंदाचा मासा मारला हे खरं, पण जुना असता तर दोन वर्षं कशीबशी निभावली असती. जुना राहिला कुठं? आया तर सहदेवनं पाट्या भरभरून मुंबईला पाठवल्या.

आठ दिवसांत जमात बसली. सहदेवनं शांतपणे सगळ्यांना विचारलं, न फाडता माशाच्या पोटातलं हिला दिसतं कसं? गाभोळी पोटात विरली हे पहिल्यांदा कोणी सांगितलं? हिची नजर खाडीला लागली आणि माशांची कूस वाळली. चेटकीण हा शब्द त्यानं एकदाच उच्चारला. बाकीच्यांनी माना डोलावल्या. गणूबरोबर होडीवर वीस वर्षं गेलेले दोघेजण होते, तेही खाली बघत राहिले.

आवडाबाईला विहिरीचं पाणी बंद झालं. घर सोडावं लागलं. सगुणेचं कल्याणात ठरलेलं लग्न मोडलं. शेवटी वेसाव्याचा एक बिजवर तयार झाला, पण त्याच्या माणसांनी अट घातली: आईची सावली मांडवात पडता कामा नये. पोरीला हळद लागली त्या दिवशी आवडाबाई दीड कोस वर, जोमा आगऱ्याच्या खाजणात गुडघाभर चिखलात उभी होती. तिनं रडून घेतलं नाही. सहदेवला आपल्या हातानं ते खुंट उपटायला लावायचे आणि आपल्या तोंडानं खरं बोलायला लावायचं, एवढंच तिनं मनाशी धरलं आणि बांधावर माती टाकत राहिली.

जोमा हा जुना खातेदार, खाजणाचा आणि मिठागराचा मालक. चेटूकबिटूक त्याला फार पटत नव्हतं आणि उघाडी सांभाळायला त्याला माणूस हवं होतं. उघाडी म्हणजे खाजणाच्या बांधातली फळ्यांची मोरी. ती उचलली की खाडीचं पाणी आत येतं किंवा आतलं बाहेर जातं. भात बुडू द्यायचं नाही एवढं बघ, बांधाआडच्या तळ्यातला मासा तुझा, असं त्यानं सांगितलं.

पुढल्या साली पाऊस असा कोसळला की कल्याणच्या बंदरावर होड्या ठरेनात. गळ्यातून निसटलेल्या थोड्या आयांनी खाली अंडी टाकली असावीत, कारण भाद्रपदाच्या उधाणाला डोली चुकवून थोडी बोटभर पिलं वर आली. आवडाबाईनं उघाडीची फळी उचलून ती आत घेतली आणि मागून बांबूची जाळी बसवली. बाहेर राहिली ती सहदेवच्या डोलीत गेली.

चार वर्षं तिनं ते तळं राखलं. दर उधाणाला पाणी बदलायची, जिताड्यांना खायला लहान कोलंबी आणि बोय मासे आत सोडायची. वर्षातून दोनदा एखादा जिताडा काढून फाडायची. पहिली दोन-तीन वर्षं प्रत्येकात नराचं पांढरं दूधच निघालं. चौथ्या वर्षी त्याच तळ्यातल्या हातभर लांब माशात पिवळी गाभोळी सापडली. तेव्हा तिला उलगडलं. लहान असतो तो सगळा नर, आणि मोठा झाला की त्याचीच मादी होते. सहदेवनं सगळ्यात मोठे तेवढे वेचून नेले होते. म्हणजे त्यानं आयाच वेचल्या होत्या, जवळजवळ एकूण एक.

आता पाऊस चार वर्षं बरा पडत होता, तरी गळ्यात जिताडा नव्हता. पावसाला दोष देता येईना. चेटकीण वाड्यातून गेली होती, तिलाही देता येईना. लोक सहदेवच्या खुंटांकडे बघायला लागले, पण बोलायचं कोणी नाव घेईना. जोमाच्या तळ्यात जिताडे उसळ्या मारतात, ही बातमी मात्र पोचली. ज्येष्ठ संपता संपता चार म्हातारे सहदेवला पुढं करून बांधावर आले. मासा खाडीत सोड, नाहीतर आम्हाला धरू दे, असं त्यांचं म्हणणं होतं.

आवडाबाई उघाडीवरून उठली नाही. सोडायचा तर आहेच, ती म्हणाली, पण गळ्यात खुंट असताना नाही. खुंट सहदेवनं स्वतः काढायचे, दिवसाढवळ्या, पोराची मदत न घेता. मग जमातीत वेसाव्याच्या माणसांसमोर सांगायचं की ही बाई चेटकीण नव्हती आणि मला ते ठाऊक होतं.

सहदेव साठीला आला होता. तो म्हणाला, "पाऊस नव्हता, आवडे. तो काय माज्या खुंटांनी अडवला?"

"नाय," ती म्हणाली. "पाऊस गेला तसा परत आला. मासा आला काय? एक घाव आभाळानं घातला, दुसरा तू घातलास. आभाळाला मी काय करू? तू माज्या हातात हायस."

म्हाताऱ्यांनी सहदेवकडे पाहिलं. त्या वेळी त्यांनी त्याची बाजू घेतली नाही.

आषाढाची पुनव बारा दिवसांवर होती. सहदेवनं काम सुरू केलं. ओहोटीला खुंटाच्या बुंध्याशी चिखल उकरायचा, दोर होडीला आवळायचा, आणि भरतीनं होडी उचलली की खुंट वर यायचा. दिवसाला दोन निघत. आवडाबाई रोज येऊन समोरच्या काठावर बसायची. तो चिखलात घसरायचा, उठायचा, पुन्हा खाली वाकायचा. इतक्या वर्षांत तिला एवढं पोटभर जेवल्यासारखं कधी वाटलं नव्हतं.

सातव्या दिवशी चौदावा खुंट निघाला तो आडवा होऊन सहदेवच्या पायावर आला. गुडघ्याखालचं हाड मोडलं. संध्याकाळी त्याचा मुलगा तानाजी खाजणात आला. राहिलेले पाच मी काढतो, मावशी, उघाडी उघड, म्हणाला. ती म्हणाली, त्यानंच काढायचे. पाय बरा होऊ दे, मी थांबते.

मासे थांबणार नव्हते. पूर आला होता, गोडं पाणी बांधाला लागलं होतं, आणि तळ्यातले मोठे जिताडे उघाडीच्या जाळीवर येऊन धडका देत होते. पुनवेचं उधाण आलं आणि गेलं. तिनं फळी उचलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जाळीशी दोन मोठे जिताडे तोंड फुटून मेलेले सापडले. तिनं सवयीनं एक विळीवर घेतला. गाभोळी इतकी पिकली होती की हात लागताच दाणे सुटून तिच्या मनगटावरून खाली ओघळले. आणखी चार दिवस गेले असते तर दुष्काळात पाहिलं तसं सगळ्यांच्या पोटात ते विरायला लागलं असतं, आणि या खेपेला ते तिच्यामुळं झालं असतं.

तिनं हात धुतले नाहीत. तशीच जाऊन फळ्या काढल्या, जाळी कोयत्यानं तोडली. ओहोटीला पाणी खळाळत बाहेर पडलं आणि त्यातून काळ्या पाठी एकामागून एक खाडीत उतरल्या. गळ्यातले पाच खुंट तसेच उभे होते, पण त्यांना डोली नव्हत्या.

महिन्यानं सहदेवनं खाटेवर बसून जमातीत कबूल केलं. वेसाव्याहून सगुणेचा दीर आला होता, त्याच्यासमोर. आवाज बारीक होता, पण शब्द सगळे बोलला. लोकांनी माना डोलावल्या, पाच वर्षांपूर्वी डोलावल्या होत्या तशाच. आवडाबाई दाराशी उभी राहून ते सगळे चेहरे बघत होती. सहदेवनं तिला विचारलं, "आता झालं तुजं समाधान?"

"नाय," ती म्हणाली, आणि निघाली.

वाड्यानं घर परत देऊ केलं, तिनं घेतलं नाही. ती मरेपर्यंत उघाडीवरच राहिली. भाद्रपदात पिलं आली, पण त्या वर्षी थोडी. पुढल्या वर्षी पाऊस उशिरा झाला, तेव्हा त्याहून थोडी. गळ्यात पूर्वीसारखा जिताडा दिसायला आठ-नऊ वर्षं गेली, तोवर सहदेव लंगडत लंगडत म्हातारा होऊन गेला होता. आषाढ-श्रावणात आवडाबाई होडी घेऊन गळ्यातून फेरी मारायची, आणि कुठं जाळं दिसलं की कोणाचं ते न विचारता कापायची. त्यावरून दोनदा मारही खाल्ला.

सहदेवच्या कबुलीनंतर तिसऱ्या वर्षी सगुणा दोन पोरं घेऊन आली आणि चार दिवस राहिली. आवडाबाईनं नातीला विळीसमोर बसवलं, मासा फाडला, आणि आत काय काय असतं ते एकेक करून बोट लावून दाखवलं.