पोर्तुगालच्या साहेबांची सेवापूर्ती

आता काय सांगू तुम्हाला! एखाद्याची नोकरी घालवायला वरिष्ठ असावं लागतं, असं आपण समजतो. मी साधा कारकून. पण एका पोर्तुगीज फुटबॉल कोचला मी भर मैदानात, शाल-श्रीफळ देऊन, टाळ्यांच्या गजरात निवृत्त केलं. चहा घ्या आधी. हसायचं तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढचं सांगताना मला अजून लाज वाटते.

मी पनवेलला एका सरकारी कार्यालयात आस्थापना शाखेत होतो. म्हणजे बदल्या, रजा, निवृत्त्या. कुणी निवृत्त झालं की मानपत्र लिहिणार मी, वाचणारही मीच. 'आज सर सेवेतून मुक्त होत आहेत' या वाक्याला माझा गळा दाटायचा. नाटक नाही हो, खरंच दाटायचा. मुख्याध्यापक, तलाठी, एसटीचे कंट्रोलर, कुणाकुणाला म्हणून मी रडवलं नाही! पनवेलभर नाव झालं होतं, आणि नाव झालं की माणूस डोकं वापरायचं थांबवतो.

दोन हजार पंधराच्या आसपासची गोष्ट. उरण रस्त्यावरच्या एका गावातले जनादादा माझ्या चांगल्या ओळखीचे. गावच्या क्रीडा मंडळाचे अध्यक्ष. त्यांचा मुलगा प्रीतम गोलकीपर, आणि पोरगा खरोखर चांगला. मुंबईच्या एका मोठ्या क्लबचा पोर्तुगीज कोच गावच्या स्पर्धेच्या फायनलला यायला कबूल झाला. क्लबच्या ज्युनियर टीमची ट्रायल होती आणि तिची यादी दुसऱ्या दिवशी सकाळी बंद होणार होती. कोचने प्रीतमला खेळताना बघायचं, आवडला तर नाव घालायचं, एवढा सगळा बेत.

जनादादा माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "भाऊसाहेब, सत्कार झ्याक झाला पायजे. माणूस खूश, तर आमचे पोराचा काम झाला."

"दादा, सत्कार माझ्यावर सोडा!" मी म्हणालो. केवढ्या आत्मविश्वासानं!

कोचची माहिती क्लबच्या ऑफिसातून मागवली. पोर्तुगालमधल्या कुठल्याशा छोट्या गावात राखीव गोलकीपर. मग तिथेच पोरांचा कोच. मग मोठा क्लब, सात महिने. मग अंगोला. परत घरी, पाच महिने. मग सायप्रस, सौदी, परत घरी, रुमानिया, आणि आता मुंबई. मी वाचून चाट पडलो. एवढ्या बदल्या? आमच्याकडे असा माणूस एक तर फार प्रामाणिक असतो, नाही तर फार भांडखोर. त्या धंद्यात चार मॅच हरल्या की बॅग भरायला सांगतात, हे मला कोण सांगणार? आणि आत्ताही त्याची टीम ओळीने चार मॅच हरलेली होती, हेही मला माहीत नव्हतं. मी फुटबॉल बघतच नाही!

डीटीपीवाल्याकडे मानपत्र छापायला कागद दिला आणि म्हणालो, "नेहमीचंच. नाव बदल, मधली कारकीर्द बदल. पहिला आणि शेवटचा परिच्छेद तसाच ठेव."

हे माझे शब्द. लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

कार्यक्रमाच्या दिवशी कोच आला. उंच, पांढऱ्या दाढीचा, शांत माणूस. सोबत क्लबचा गोव्याचा मदतनीस, त्याला मराठीही येत होतं आणि पोर्तुगीजही. फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ आणि छत्री. दोन्ही मीच निवडलेली. आमच्याकडे निवृत्तीला हेच देतात, पण तेव्हाही माझ्या डोक्यात दिवा लागला नाही. मग मी माइक हातात घेतला.

मी कधी कागद बघून वाचत नाही, पाठच असतं. कारकिर्दीपुरता कागदात डोकावलो आणि शेवटच्या परिच्छेदाला डोळे मिटले. "प्रदीर्घ सेवेनंतर आज सर आपल्या पदावरून मुक्त होत आहेत. हा वियोगाचा क्षण आहे. उर्वरित आयुष्य त्यांनी नातवंडांत, सुखासमाधानात घालवावं..." गळा दाटला. समोरच्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. एक आजी तर म्हणाली, "गरीब बिचारा, एवढ्या लांबून आला नि चालला पण!"

गोव्याचा मदतनीस कानात भाषांतर करत होता, तो अडखळला. कोचने त्याला पुन्हा सांगायला लावलं. मग त्याच्या चेहऱ्याचा रंगच उतरला. त्याने मला हळूच काहीतरी विचारलं.

मदतनीस म्हणाला, "सर विचारतात, ही माहिती तुम्हाला कुणी दिली?"

मला वाटलं, कारकीर्द अचूक सांगितली म्हणून खूश झाला! मी छाती फुगवून म्हणालो, "सरांच्या क्लबच्याच ऑफिसातून. परवाच कळवलं त्यांनी!"

झालं! कोच फेट्या-शालीसकट उठला आणि फोन घेऊन मंडपामागे गेला. तिकडे क्लबचा मालक फोन उचलेना, त्यामुळे नोकरी गेली अशी कोचची खात्रीच पटली. आणि इकडे फायनल सुरू.

त्या दिवशी प्रीतम काय खेळला म्हणून सांगू! एक पेनल्टी अडवली. मग दुसरी अडवली. सगळं गाव नाचत होतं आणि कोच मैदानाकडे पाठ करून फोन कानाला लावून उभा.

"भाऊसाहेब," जनादादा धावत येऊन म्हणाले, "आमचे पोराला बगायला आलाय ना तो? मंग पाठ करून कं उबा हाय?"

मी मानपत्र उघडलं आणि शेवटचा परिच्छेद पहिल्यांदा डोळ्यांनी वाचला. पायांखालची जमीन सरकली हो!

मॅच संपल्यावर मालकाचा फोन लागला. कुणी काढलं नव्हतं. कोच परत आला तो लालबुंद होऊन. मदतनीसाने विचारलं, हा काय प्रकार आहे? आणि मी, तीस वर्षं नोकरी केलेला माणूस, काय म्हणालो असेन?

"छापणाऱ्याची चूक आहे."

जनादादांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या पोराची संधी माझ्या मिटलेल्या डोळ्यांनी गेली होती आणि मी डीटीपीवाल्यावर ढकलत होतो. ती नजर मला आजही सहन होत नाही. मग मात्र मी मान खाली घालून खरं ते सांगितलं.

कोच असा हसला की फेटा सुटला. म्हणाला, "कुठे आहे तो गोलकीपर? मीही गोलकीपरच होतो." शाल अंगावर तशीच, चेंडू ठेवला आणि स्वतः पाच किक मारल्या. प्रीतमने चार अडवल्या. यादी तर ऑफिसात होती. जवळ दुसरा कागद नव्हता, म्हणून कोचने माझ्याच मानपत्राच्या मागे शिफारस लिहिली, सही केली.

संपलं असं वाटलं ना? मलाही वाटलं. आठ दिवसांनी क्लबने कोचला खरोखर काढलं!

पुढच्या रविवारी ट्रायल. मीच प्रीतमला घेऊन गेलो, प्रायश्चित्त म्हणून. फाटकावरच्या माणसाने यादी पाहिली, नाव नाही. कोच ऑफिसात पोचेपर्यंत ती बंद झाली होती. आम्ही मानपत्र दिलं. त्याने मागची बाजू वाचली, मग उलटून पुढची.

"काका, पुढे लिहिलंय हे पदावरून मुक्त झाले. मागे सही, तीही त्याच तारखेची. मुक्त झालेल्या माणसाची शिफारस आम्ही धरायची कशी?"

त्याच्या खुर्चीत मी असतो, तर हीच हरकत काढली असती! प्रीतम हातमोजे मुठीत घट्ट धरून उभा होता. मी कागद मागितला आणि तिथेच उभ्या उभ्या लिहून दिलं : 'सदर निवृत्ती ही माझ्या चुकीमुळे झाली असून सहीच्या वेळी सदर इसम सेवेत होते.' खाली सही, हुद्दा. फाटकावरची मंडळी तो कागद एकमेकांना दाखवून पोट धरून हसली आणि पोराला आत सोडलं. प्रीतम निवडला गेला. माझे डोळे भरून आले, यावेळी मानपत्राशिवाय.

महिन्याभराने गोव्याच्या मदतनीसाचा फोन आला. कोच तेव्हा कुठल्याशा आखाती देशात रुजू झाला होता. त्याने निरोप पाठवला होता : "एवढ्या ठिकाणांहून मला काढलं, पण निरोपाची शाल फक्त तुमच्या गावाने घातली. आठ दिवस लवकर, एवढंच."

मागच्या वर्षी मी स्वतः निवृत्त झालो. माझं मानपत्र वाचायला मंडळाकडून प्रीतम आला होता. त्याने माइक हातात घेतला, पहिलं वाक्य वाचलं आणि थांबला.

"काका, नक्की निवृत्त झालात ना? आधी लेखी द्या."